श्याम आमचा, गुरुजी कोणाचे?

'श्यामची आई' या चित्रपटाला पुन्हा एकदा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले होते. सुजय डहाके यांनी २०२३ साली कृष्णधवल रंगात केलेला 'श्यामची आई' २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच पुस्तकावर दोन चित्रपट निघावेत आणि दोहोंचाही देशपातळीवर गौरव व्हावा, हे भाग्य मराठीतील दुसऱ्या कोणत्या पुस्तकाच्या वाट्याला आले आहे?

पुरस्काराची वार्ता आली, त्यानंतरच्या सुटीत गंगाखेडच्या आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र बसून हा चित्रपट पाहत होत्या. शेवटाकडे अपेक्षेप्रमाणे साऱ्यांचे डोळे पाणावले. थोरल्या काकूंनी पदराने डोळे टिपले. तेवढ्यात सहावीत शिकणाऱ्या पुतण्याने विचारले, "आई गेल्यावर मग श्यामचं पुढे काय झालं?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग काका म्हणाले, "पुढे तो फार मोठा माणूस झाला." विषय तिथेच संपला आणि पाने वाढली गेली.

"मोठा माणूस झाला" हे उत्तर खोटे नाही, परंतु ते पळवाटेचे आहे. गेली सत्तर वर्षे मराठी मध्यमवर्ग याच पळवाटेने साने गुरुजींना टाळत आला आहे. आम्ही श्याम घेतला, गुरुजी घेतले नाहीत. श्यामचे अश्रू आम्हाला गोड लागले. गुरुजींचा आग्रह मात्र कडू लागला. या लेखाचे प्रयोजन चित्रपटाचे परीक्षण करणे हे नव्हे. प्रेक्षक म्हणून आम्ही काय केले, याचे परीक्षण करावे, एवढाच हेतू आहे.

पुस्तक संपते तेथे माणूस सुरू होतो

दिग्दर्शकांना दोष देण्याचे कारण नाही. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. त्यांची आई १९१७ साली वारली. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आईच्या मृत्यूपाशी पुस्तक थांबते. त्यावर आधारलेल्या चित्रपटाचा प्राणही आई आणि श्याम यांच्यातच असणार. ओम भूतकर यांनी उभे केलेले गुरुजी आपल्याला श्यामच्या घरी नेतात, आणि गौरी देशपांडे यांची आई आपले मन व्यापून टाकते. कलाकृती म्हणून हे सर्वस्वी उचित आहे.

प्रश्न निराळाच आहे. पुस्तकातला श्याम आई गेल्यावर थांबतो. लेखक मात्र त्यानंतर तेहतीस वर्षे जगला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षक, १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेला सैनिक, वारंवार तुरुंगात जाणारा बंदी, 'धडपडणारी मुले', 'आस्तिक', 'क्रांती' यांसारख्या कादंबऱ्यांचा लेखक, १९४८ मध्ये 'साधना' साप्ताहिक सुरू करणारा संपादक आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपवणारा, आतून पोळलेला माणूस. या तेहतीस वर्षांचा चित्रपट आमच्या मनःपटलावर उमटलेलाच नाही. अत्र्यांनी 'श्यामची आई'च्या पाठोपाठ १९५४ साली 'महात्मा फुले' काढला आणि त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. म्हणजे सामाजिक प्रश्नावर झुंजलेल्या माणसाचे चरित्र पडद्यावर मांडण्याची ताकद मराठी चित्रपटाकडे तेव्हाही होती. उणीव होती ती पाहणाऱ्यांच्या तयारीची.

मोळी आणि स्नान

या पुस्तकातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते. तिला ती एकटीने उचलता येत नाही, आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावत नाही. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे, आणि घरी येऊन स्नान कर.

या एका वाक्यात त्या काळच्या उत्तम हिंदू घराची उंची आहे आणि त्याची सीमाही आहे. आईच्या अंतःकरणात करुणा आहे. शेजारपाजारच्या टीकेला न भिता ती मुलाला पाठवते. मात्र स्नान टळत नाही. करुणा मोळीपर्यंत पोहोचते, उंबरठ्याच्या आत येत नाही. त्या माउलीला आज बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या काळाच्या मानाने ती चार पावले पुढेच होती. परंतु मुलगा त्या स्नानापाशी थांबला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आईच्या करुणेत उरलेले ते स्नान पुसून टाकण्यात त्याने पुढचे आयुष्य वेचले. पायांना घाण लागू नये म्हणून आईने दगडावर पदर पसरला, हा प्रसंग आम्हा सर्वांना पाठ आहे. पायांइतकेच मनाला जपावे, ही तिची शिकवण आम्ही मुलांना सांगतो. त्या शिकवणीचा अर्थ लेकाने कसा लावला, हे मात्र सांगत नाही.

आमच्याच घरचे सांगतो. माझ्या लहानपणी गंगाखेडच्या वाड्यात माळवदाखालच्या कोनाड्यात 'श्यामची आई'ची प्रत असे. आजी ती आम्हाला वाचून दाखवी आणि वाचताना तिचा कंठ दाटून येई. त्याच वाड्याच्या मागच्या पडवीत एक कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे. अंगण झाडायला येणाऱ्या मावशींना त्यातच चहा मिळे, आणि तो वरून ओतला जाई. पुस्तक आणि कपबशी यांच्यात वीस पावलांचे अंतर होते. ती वीस पावले आमच्या घरात कित्येक वर्षे कोणीही चालून गेले नाही. मी स्वतः गेलो नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

महाद्वारापाशी

साने गुरुजी ते अंतर चालून गेले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्व हिंदूंना उघडावे, यासाठी त्यांनी १९४७ च्या आरंभीचे महिने महाराष्ट्रभर दौरा केला. अनेक गावांतील मंदिरे आणि पाणवठे त्या दौऱ्यात खुले झाले. पंढरपूरचे दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभले. ज्यांना ते आराध्य मानत त्या गांधीजींनीही उपोषण सोडण्याविषयी तार केली. गुरुजी ढळले नाहीत. साने यांनी भीमेपार चालते व्हावे, विठ्ठलाचे दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा त्यांच्याविरुद्ध दिल्या गेल्या. अखेर बडव्यांची संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

त्या घोषणा देणारे कोण होते? कोणी परके आक्रमक नव्हते, कोणी नास्तिक नव्हते. कपाळी गंध लावणारे, धर्मरक्षणाचे नाव घेणारे आपलेच लोक होते. आणि दुसऱ्या बाजूला उपोषणाला आसरा देणारा मठही वारकरी परंपरेचाच होता. म्हणजे हा लढा हिंदू आणि अहिंदू यांच्यातील नव्हता, धर्म आणि अधर्म यांच्यातील होता. आणि त्या दहा दिवसांत धर्माची बाजू उपाशी बसलेल्या त्या कृश देहाने सांभाळली, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

आम्हा मराठवाड्यातील लोकांना तर हे अधिकच बोचायला हवे. १९४७ च्या त्या मे महिन्यात गंगाखेड निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानात हिंदूंना धर्मस्वातंत्र्य मिळावे म्हणून १९३८–३९ मध्ये आर्य समाज आणि हिंदु महासभेने सत्याग्रह केला होता. देशभरातून लोक येऊन येथील तुरुंगांत गेले. निजामाने आमच्या पूजेवर, यज्ञावर, मिरवणुकीवर बंधने घालू नयेत, हा आमचा न्याय्य आग्रह होता. परंतु निजामाकडे जो हक्क आम्ही मागत होतो, तोच हक्क भीमेच्या तीरावर आपल्याच बांधवांना आम्ही नाकारत होतो. या विसंगतीचे उत्तर कोणी द्यायचे?

जनाबाईच्या गावाचा साक्षीपुरावा

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे. शेगावहून आषाढीला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते आणि सारा गाव तिच्या स्वागताला लोटतो. ही जनाबाई कोण? दमा आणि करुंड या दरिद्री, शूद्र मानल्या गेलेल्या मातापित्यांची लेक. पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिलेली. तिने दळण दळले, शेण-गोठा केला, गोवऱ्या थापल्या. आणि परंपरा सांगते की विठ्ठल राउळातून उठून तिच्या जात्यापाशी येऊन बसला.

देव दासीच्या जात्याचा खुंटा धरतो, ही आमची श्रद्धा. तोच देव दार उघडून चोखोबांना आत घेऊ शकला नाही. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. त्या समाधीपुढून पुढे जाताना आम्ही मस्तक नमवतो, पण ती बाहेर का, हा प्रश्न आमच्या वारीत किती वेळा उच्चारला जातो? साने गुरुजींनी पंढरपुरात कोणताही परका विचार आणला नाही. जनाबाईचे जाते आणि चोखोबांची समाधी या दोहोंनी जो प्रश्न सहाशे वर्षे विचारला होता, तोच त्यांनी प्राण पणाला लावून विचारला.

दोन्हीकडचा विपर्यास

गुरुजींच्या या उत्तरायुष्याला दोन बाजूंनी ग्रहण लागले आहे.

स्वतःला पुरोगामी म्हणवणारा वर्ग गुरुजींचे उपोषण सांगतो, पण त्यातून विठ्ठलाला अलगद वगळतो. जणू काही ते एखाद्या सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशहक्काचे आंदोलन होते! गुरुजी मूर्ती हटवायला गेले नव्हते. मूर्तीपुढे सर्वांना उभे राहता यावे म्हणून गेले होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने ज्यांनी टिपून घेतली ते साने गुरुजीच. आज घरोघरी 'गीताप्रवचने' आहेत, त्यामागे त्यांच्या लेखणीचे श्रम आहेत. 'भारतीय संस्कृती' नावाचा ग्रंथ त्यांनी लिहिला. तिरुच्चिरापल्लीच्या तुरुंगात तामिळ शिकून त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले आणि प्रांताप्रांतांतील भाषाभगिनींना जवळ आणणाऱ्या 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले. या माणसातील भक्ती काढून टाकली तर उरते काय? भक्ताचे आंदोलन नास्तिकांच्या खाती जमा करणे ही बौद्धिक अप्रामाणिकता आहे.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखवताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. साने गुरुजी राष्ट्र सेवा दलाचे, समाजवादी विचारांचे होते. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले आणि हिंदुत्ववादी संघटनांवर अतिशय कठोर शब्दांत टीका केली. ती टीका आम्हाला मान्य नव्हती आणि आजही मान्य नाही. पण म्हणून त्यांच्या पंढरपूरच्या कार्याकडेही आम्ही पाठ फिरवायची का? श्यामच्या आईचे संस्कार मुलांना सांगायचे, आणि श्यामने मोठेपणी काय केले हे राजकीय अडचण म्हणून झाकायचे, ही नीती कोणत्या प्रामाणिकपणात बसते? ज्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचा वारसा आम्ही सांगतो, त्यांनी गुरुजींच्याच रत्नागिरी जिल्ह्यात १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले. पंढरपूरच्या उपोषणाच्या सोळा वर्षे आधी! सावरकर आणि साने यांचे राजकीय मार्ग परस्परविरुद्ध होते, मात्र एका दारापाशी दोघेही पोहोचले होते. १९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, या आशयाचे निःसंदिग्ध उद्गार काढले. विरोधकाने केलेले सत्कार्य हे सत्कार्यच असते, हे म्हणण्याइतके मोठे मन आपल्यापाशी असलेच पाहिजे.

उशिरा उघडलेल्या दाराची किंमत

दार उशिरा उघडल्याने काय होते, हे इतिहासाने दाखवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभला. तो पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आमच्या हट्टाने आम्ही काय गमावले, याचा हिशेब आम्ही आजवर मांडलेला नाही.

आणि मराठवाड्याला तर फार मागे जाण्याचीही आवश्यकता नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा याच भागातील कितीतरी खेड्यांत दलितांची घरे जळाली. ती घरे बाहेरून आलेल्या कोणा शत्रूने जाळली नव्हती. 'श्यामची आई' पाहून डोळे पुसणाऱ्या समाजातूनच ते हात पुढे आले होते, आणि ज्यांचे हात पुढे आले नाहीत त्यांची तोंडे बंद राहिली. नामविस्तार होण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. पंढरपुरातही बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार संपुष्टात येऊन, सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले जाईपर्यंत २०१४ साल आले. गुरुजींच्या उपोषणानंतर सदुसष्ट वर्षे!

तो शेवट

राहिला गुरुजींचा शेवट. दुःखी, व्यथित साहित्यिकाचे आयुष्य पडद्यावर आणताना त्याच्या आत्मनाशाभोवती एक मोहक धूसर वलय उभे करण्याची रीत पाश्चात्त्य चित्रपटांत दिसते. तशी रीत आपल्याकडे नको. गुरुजींच्या मृत्यूची कारणे एका वाक्यात सांगण्याचा आगाऊपणाही कोणी करू नये. तो मृत्यू अनुकरणीय नव्हता. तो आपला तोटा होता. इतकेच म्हणता येईल की, लक्षावधी घरांत ज्याच्या शब्दांनी माणसे रडली, त्याच्या स्वतःच्या दुःखाला सोबत अपुरी पडली. रडवणाऱ्या लेखकावर प्रेम करणे सोपे असते. त्याच्याबरोबर उभे राहणे अवघड असते. घरात, शाखेत, शाळेत एखादे संवेदनशील मन मुके होत चालले असेल, तर त्याची विचारपूस वेळीच करावी, एवढा धडा तरी त्या ११ जूनमधून घ्यावा.

पुतण्याला उत्तर

मग करायचे काय? 'श्यामची आई' चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा; दोन्ही दाखवावेत. परंतु चित्रपट संपल्यावर दिवे लावून लगेच पाने मांडू नयेत. अर्धा तास बसून पंढरपूरच्या त्या दहा दिवसांची हकिगत मुलांना सांगावी. आईने श्यामला स्नान करायला सांगितले होते, आणि श्यामने मोठेपणी ते स्नान अनावश्यक ठरवले, हे समजावून सांगावे. आपल्या गावात पाणवठा एक आहे का, स्मशान एक आहे का, हनुमंताच्या पारावर सर्व वस्त्यांतील माणसे बरोबरीने बसतात का, लग्नाच्या पंगतीत वेगळी रांग उरली आहे का, हे कार्यकर्त्याने स्वतः जाऊन पाहावे. भाषणाने हे काम होत नाही; घरी जाण्याने, घरी बोलावण्याने आणि एका ताटात बसण्याने होते.

त्या सुटीतला तो प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन मी गोदेच्या काठी जनाबाईंच्या मंदिरात गेलो आणि पायरीवर बसून त्याला सारे सांगितले: मोळी, पंढरपूर, तनपुरे महाराजांचा मठ, आणि शेवटची ती दुःखद जूनची तारीखसुद्धा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या घरातली ती कपबशी कुठे गेली?" ती केव्हाच फुटून गेली, असे मी सांगितले. ते खरेही आहे. परंतु ती आम्ही फोडली नाही, आपोआप फुटली, हे सांगताना माझी मान वर झाली नाही.

श्याम आमचा आहे, याबद्दल कोणाला शंका नाही. गुरुजीही आमचे आहेत असे म्हणायचे असेल, तर तो अधिकार अश्रूंनी मिळणार नाही. तो मिळवायला त्यांनी उघडलेल्या दारातून आपण साऱ्यांना हाताला धरून आत न्यावे लागेल, आणि आपल्या घरांची मागची पडवी त्या कामातून वगळून चालणार नाही.